विसाव्या शतकाच्या मध्यातील जपानी फुटबॉल

विसाव्या शतकाच्या मध्यातील जपानी फुटबॉल या विषयात साधारणपणे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपर्यंतच्या कालखंडाचा समावेश होतो. या बत्तीस वर्षांत जपानच्या राष्ट्रीय संघाने युरोपातील एका मातब्बर संघाचा अनपेक्षित पराभव केला, महायुद्धात आपले अनेक खेळाडू गमावले, युद्धोत्तर काळात आशियातही मागे पडण्याची नामुष्की सोसली आणि अखेरीस ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. या संपूर्ण काळात जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉल नव्हता. खेळाडू हे विद्यार्थी किंवा कारखान्यांत व कार्यालयांत काम करणारे नोकरदार होते.

पार्श्वभूमी

जपानमध्ये फुटबॉलचा प्रवेश १८७३ मध्ये तोक्यो येथील नौदल विद्यालयात ब्रिटिश नौदल अधिकारी आर्चिबाल्ड डग्लस यांच्यामुळे झाला, असे परंपरेने मानले जाते. पुढील चाळीस-पन्नास वर्षे हा खेळ मुख्यतः शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयांत वाढला. तेथून बाहेर पडलेले शिक्षक ज्या ज्या गावी नोकरीस गेले, तेथील शाळांत त्यांनी तो रुजवला. बेसबॉल विद्यापीठांच्या व वृत्तपत्रांच्या आश्रयाने लोकप्रिय झाला, तर फुटबॉल शाळामास्तरांच्या हातून पसरला, हा फरक पुढेही दीर्घकाळ जाणवत राहिला.

१९१७ मध्ये तोक्यो येथे भरलेल्या अतिपूर्व क्रीडास्पर्धेत जपानने प्रथमच परदेशी संघांशी सामने खेळले. चीनकडून ०–५ आणि फिलिपाईन्सकडून २–१५ असे ते पराभव होते. १९१९ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने जपानला एक चांदीचा चषक भेट म्हणून पाठवला. तोवर जपानमध्ये या खेळाची राष्ट्रीय संघटनाच अस्तित्वात नव्हती. चषक आला, मग स्पर्धा हवी आणि स्पर्धा घ्यायची तर संघटना हवी, अशा उलट्या क्रमाने १० सप्टेंबर १९२१ रोजी जपान फुटबॉल संघटनेची स्थापना झाली. त्याच वर्षी सुरू झालेली अखिल जपान अजिंक्यपद स्पर्धा आज ‘सम्राट चषक’ या नावाने ओळखली जाते. जपानला १९२९ मध्ये फिफाचे सदस्यत्व मिळाले.

खेळाच्या तंत्राच्या दृष्टीने या काळातील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती जपानी नव्हती. तंत्रशिक्षणासाठी ब्रह्मदेशातून तोक्योत आलेले क्याव दिन हे विद्यार्थी वासेदा येथील शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवू लागले. चेंडू उंच मारून त्यामागे धावत सुटण्याऐवजी जवळच्या सहकाऱ्याकडे लहान पास देत पुढे सरकावे, हे त्यांच्या शिकवणीचे सूत्र होते. १९२३ मध्ये त्यांचे फुटबॉलच्या तंत्रावरील पुस्तक जपानीत प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या कांतो भूकंपाने त्यांचे शिक्षण खंडित झाले, तेव्हा त्यांनी देशभर फिरून ठिकठिकाणच्या संघांना प्रशिक्षण दिले. १९३० च्या अतिपूर्व क्रीडास्पर्धेत जपानने फिलिपाईन्सचा ७–२ असा पराभव केला व चीनशी ३–३ अशी बरोबरी साधून अजिंक्यपद विभागून घेतले. त्या यशामागे ही लहान पासांची शैली होती.

बर्लिन ऑलिंपिक, १९३६

जपानचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये प्रथम उतरला तो बर्लिन येथे. प्रशिक्षक शिगेयोशी सुझुकी यांच्या या संघातील बहुसंख्य खेळाडू वासेदा विद्यापीठाचे होते. संघ सायबेरियामार्गे रेल्वेने जर्मनीला पोहोचला. तेथील स्थानिक क्लबांशी झालेल्या सराव सामन्यांत जपानी खेळाडूंच्या लक्षात आले की युरोपात आता दोनऐवजी तीन बचावपटू ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. ऑफसाइडचा नियम १९२५ मध्ये बदलल्यानंतर इंग्लंडमध्ये निघालेली ही रचना जपानमध्ये अद्याप आलेली नव्हती. अवघ्या काही दिवसांत, जे पाहिले त्यावरून, जपानने आपल्या संघाची मांडणी बदलली. स्पर्धा तोंडावर असताना मूळ रचना मोडण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही.

४ ऑगस्ट १९३६ रोजी जपानची गाठ स्वीडनशी पडली. पूर्वार्धात स्वीडनने दोन गोल केले. उत्तरार्धाच्या प्रारंभीच ताइझो कावामोतो यांनी एक गोल फेडला, त्यानंतर तोकुतारो उकोन यांनी बरोबरी साधली आणि सामना संपण्यास पाच मिनिटे असताना अकिरा मात्सुनागा यांनी तिसरा गोल केला. त्यानंतर जवळपास सर्व खेळाडू आपल्या गोलसमोर उभे करून जपानने ३–२ ही आघाडी टिकवली. गोलरक्षक रिहेई सानो यांनी शेवटच्या मिनिटांत केलेले बचाव या विजयात निर्णायक ठरले. स्वीडिश नभोवाणीवर सामन्याचे वर्णन करणारे स्वेन येरिंग यांनी जपानी खेळाडूंची नावे ठाऊक नसल्यामुळे ‘जपानी, पुन्हा जपानी’ अशा अर्थाचा जो धोशा लावला, तो स्वीडनमध्ये आजही आठवला जातो. जपानमध्ये हा विजय ‘बर्लिनचा चमत्कार’ म्हणून ओळखला जातो. तीन दिवसांनी इटलीने जपानला ०–८ असे हरवले. इटलीने पुढे त्या स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले.

या संघात किम योंग-सिक हे एकमेव कोरियन खेळाडू होते. कोरिया तेव्हा जपानच्या अमलाखाली होता. आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, सोलच्या क्यंगसंग संघाने अखिल जपान अजिंक्यपद जिंकले होते. त्या मानाने राष्ट्रीय संघात एकाच कोरियन खेळाडूला मिळालेले स्थान ही उघड विषमता होती. किम यांनी पुढे स्वतंत्र कोरियातर्फे १९४८ चे लंडन ऑलिंपिक खेळले आणि १९५४ च्या विश्वचषकात ते दक्षिण कोरियाचे प्रशिक्षक होते.

युद्धकाळ

१९३८ च्या विश्वचषकासाठी जपानने नाव नोंदवले होते, पण चीनशी युद्ध सुरू झाल्यावर ते मागे घेतले. १९४० चे तोक्यो ऑलिंपिकही रद्द झाले. बर्लिनचे तरुण खेळाडू ज्या स्पर्धेसाठी तयार होत होते, ती भरलीच नाही. १९४१ पासून अखिल जपान स्पर्धा थांबली. ऑक्टोबर १९४३ मध्ये विद्यापीठीय विद्यार्थ्यांची लष्करभरतीची सवलत काढून घेण्यात आली आणि तोक्योच्या मेइजी जिंगू क्रीडांगणावर त्यांना समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. जपानी फुटबॉल बव्हंशी विद्यार्थ्यांच्याच बळावर उभा असल्याने या आघातातून तो सावरणे कठीण होते. ज्या चांदीच्या चषकामुळे संघटना जन्मली, तो चषकही १९४५ च्या प्रारंभी युद्धकार्यासाठी धातू म्हणून सरकारजमा झाला. (इंग्लंडच्या संघटनेने त्याची प्रतिकृती २०११ मध्ये जपानला पुन्हा भेट दिली.)

स्वीडनविरुद्ध विजयी गोल करणारे मात्सुनागा ग्वादलकनाल येथील लढाईत १९४३ मध्ये मृत्यू पावले. बरोबरीचा गोल करणारे उकोन १९४४ मध्ये बुगनव्हिल बेटावर कामी आले. बर्लिनच्या संघाचे कर्णधार तेइझो ताकेउची युद्धानंतर सोव्हिएत सैन्याच्या हाती लागले आणि १९४६ मध्ये सायबेरियातील बंदिवासात त्यांचा अंत झाला. पहिला गोल करणारे कावामोतो हेही सायबेरियात बंदी होते, परंतु ते १९४९ मध्ये मायदेशी परतले. त्या तीन गोलांच्या मानकऱ्यांपैकी युद्धानंतर मैदानावर पुन्हा दिसले ते एकटे कावामोतो. १९५४ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ते राष्ट्रीय संघातून खेळले.

युद्धोत्तर पुनरारंभ

अखिल जपान स्पर्धा १९४६ मध्ये पुन्हा भरली व तोक्यो विद्यापीठाच्या संघाने ती जिंकली. एप्रिल १९४७ मध्ये पूर्व व पश्चिम जपान यांच्या संघांतील सामन्यास सम्राट हिरोहितो उपस्थित राहिले. पुढे राजघराण्याकडून संघटनेला चषक मिळाला आणि १९५१ पासून तो विजेत्यांना दिला जाऊ लागला. याच सुमारास खेळाचे नावही बदलू लागले. जपानीत फुटबॉलला ‘शूक्यू’ म्हणजे पायाने मारण्याचा चेंडू असे नाव होते. १९४६ मध्ये सरकारने नित्य वापराच्या चित्रलिपी चिन्हांची जी मर्यादित यादी केली, तीत ‘लाथ मारणे’ या अर्थाचे चिन्ह नव्हते. त्यामुळे वृत्तपत्रांनी ‘सॉकर’ हा शब्द स्वीकारला व तोच रूढ झाला. खुद्द संघटनेच्या नावात मात्र जुना शब्द १९७४ पर्यंत टिकून होता.

जपानला १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला नाही. फिफाचे सदस्यत्व १९५० मध्ये परत मिळाले आणि युद्धानंतरचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना जपान खेळला तो नवी दिल्ली येथे, मार्च १९५१ मधील पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत. हिरोकाझु निनोमिया हे या संघाचे प्रशिक्षक व खेळाडू अशा दोन्ही भूमिकांत होते. इराणविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खेळवला असता जपान २–३ असा हरला आणि नंतर अफगाणिस्तानला २–० असे नमवून त्याने कांस्यपदक मिळवले. संघात युद्धापूर्वी घडलेल्या खेळाडूंचा भरणा होता. त्यांच्या मागून येणारी पिढी कोठे आहे, हा प्रश्न दिल्लीच्या पदकाने झाकला गेला.

ती पिढी १९५३ मध्ये दिसू लागली. पश्चिम जर्मनीतील डॉर्टमुंड येथील जागतिक विद्यार्थी क्रीडास्पर्धेसाठी शिगेमारू ताकेनोकोशी यांच्या मार्गदर्शनाखाली जपानी विद्यार्थ्यांचा संघ युरोपात गेला. त्यात केन नागानुमा, शुनिचिरो ओकानो व रयुझो हिराकी हे खेळाडू होते. हिरवळीची मैदाने, क्लबांची व्यवस्था, लहान मुलांसाठी वेगळे प्रशिक्षक या गोष्टी त्यांनी तेथे प्रथमच पाहिल्या. स्वदेशात ते धुळीच्या मैदानांवर खेळत वाढले होते. पुढील चाळीस वर्षे जपानी फुटबॉलचा कारभार बव्हंशी या दौऱ्यावर गेलेल्या मंडळींनी पाहिला, हे ध्यानात घेता तो दौरा त्यातील जय-पराजयांपेक्षा कितीतरी मोलाचा ठरला.

कोरियाशी सामने, १९५४

१९५४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत जपान व दक्षिण कोरिया समोरासमोर आले. जपानच्या पस्तीस वर्षांच्या राजवटीची जखम ताजी होती. जपानी संघाने कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवू नये, अशी भूमिका राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी घेतल्यामुळे दोन्ही सामने तोक्योतच झाले. हरलात तर परतताना समुद्रात उड्या टाका, असे राष्ट्राध्यक्षांनी संघाला बजावल्याची कथा कोरियात सांगितली जाते. ती आख्यायिका धरली तरी खेळाडूंवरील दडपण खरे होते.

पहिला सामना ७ मार्च रोजी मेइजी जिंगू क्रीडांगणावर, वितळलेल्या बर्फाच्या चिखलात झाला. नागानुमा यांनी जपानला आघाडी मिळवून दिली. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतील जपानचा हा पहिला गोल होय. पण जड मैदानावर जपानचे लहान पास रुतू लागले, दणकट कोरियन खेळाडूंनी वर्चस्व मिळवले आणि सामना ५–१ असा जिंकला. १४ मार्चचा दुसरा सामना २–२ असा बरोबरीत राहिला. जपानचे दोन्ही गोल तोशिओ इवातानी यांचे होते. कोरिया स्वित्झर्लंडला गेला. जपानला विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत पोहोचण्यासाठी १९९८ पर्यंत वाट पाहावी लागली.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठीही या दोन संघांत तोक्योत सामने झाले. एक जपानने २–० असा, तर दुसरा कोरियाने तेवढ्याच गोलफरकाने जिंकला. निकाल चिठ्ठ्या टाकून लावण्यात आला व तो जपानच्या बाजूने लागला. प्रत्यक्ष मेलबर्न येथे ऑस्ट्रेलियाकडून ०–२ असा पराभव होऊन जपानचे आव्हान पहिल्याच सामन्यात संपले.

तोक्योतील नामुष्की, १९५८

१९५८ ची आशियाई स्पर्धा तोक्योत झाली. जेथून १९४३ मध्ये विद्यार्थी सैनिक निघाले आणि जेथे १९५४ चे सामने झाले, त्या मेइजी जिंगू क्रीडांगणाच्या जागी या स्पर्धेसाठी नवे राष्ट्रीय क्रीडांगण उभारण्यात आले. यजमान संघाचे मार्गदर्शन कावामोतो यांच्याकडे होते. जपान फिलिपाईन्सकडून ०–१ आणि हाँगकाँगकडून ०–२ असा हरून साखळीतच बाद झाला. ज्या फिलिपाईन्सला १९३० मध्ये सात गोलांनी गारद केले, त्याच्याकडून मायभूमीत झालेला हा पराभव जिव्हारी लागला. तशात पुढील वर्षी १९६४ चे ऑलिंपिक तोक्योला देण्याचा निर्णय झाला. यजमान म्हणून जपानला पात्रता फेरीविना स्थान मिळणार होते, आणि त्या वेळी अशी शोभा होऊ नये ही चिंता संघटनेला ग्रासून होती. दरम्यान १९६० च्या रोम ऑलिंपिकची पात्रता आणि त्यापाठोपाठ १९६२ च्या विश्वचषकाची पात्रता या दोन्हींत कोरियाने जपानचा मार्ग रोखला.

डेटमार क्रामर यांचे आगमन

संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष युझुरू नोझु हे व्यवसायाने डॉक्टर होते व अमेरिकेत शिकलेले होते. परदेशी प्रशिक्षक आणल्याखेरीज तरणोपाय नाही, असे त्यांचे मत झाले. संघटनेतील अनेकांना ते रुचले नाही, परंतु नोझु यांनी पश्चिम जर्मनीच्या संघटनेकडे मागणी केली. त्यानुसार डेटमार क्रामर (१९२५–२०१५) यांची निवड झाली. १९६० च्या उन्हाळ्यात जपानी संघ जर्मनीतील डुइसबुर्ग येथील क्रीडाविद्यालयात त्यांच्या हाताखाली सरावास गेला व ऑक्टोबरमध्ये क्रामर जपानला आले.

राष्ट्रीय संघातील खेळाडूंना त्यांनी पहिल्या दिवसापासून जे शिकवले ते शाळकरी मुलांना शिकवण्याजोगे होते: पायाच्या आतल्या बाजूने चेंडू मारणे, तो थांबवणे, डोक्याने खेळणे. प्रत्येक गोष्ट ते स्वतः करून दाखवत. काही अनुभवी खेळाडूंना प्रथम हा अपमान वाटला. क्रामर यांनी मात्र मूलभूत कौशल्य पक्के होईतो डावपेचांची भाषा केली नाही. खेळाडूंसोबत राहणे, त्यांच्याबरोबर जेवणे आणि देशभर फिरून शाळा-विद्यापीठांच्या संघांनाही मार्गदर्शन करणे या त्यांच्या पद्धतीमुळे विरोध हळूहळू मावळला. जपानमध्ये त्यांना ‘जपानी फुटबॉलचे जनक’ म्हटले जाते. क्याव दिन व ताकेनोकोशी यांचे कार्य पाहता ही उपाधी थोडी सढळ हाताने दिलेली आहे, पण आधुनिक राष्ट्रीय संघाची घडण त्यांनीच केली यात शंका नाही.

१९६२ च्या अखेरीस राष्ट्रीय संघाची सूत्रे बत्तीस वर्षांच्या नागानुमा यांच्याकडे आणि साहाय्यक म्हणून एकतीस वर्षांच्या ओकानो यांच्याकडे सोपवण्यात आली. नागानुमा हिरोशिमाचे. शालेय वयात त्यांनी त्या शहरावरील अणुबाँबचा संहार अनुभवला आणि दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, त्यांच्या शाळेने राष्ट्रीय शालेय अजिंक्यपद मिळवले. ओकानो तोक्योतील उएनो भागातील एका जुन्या मिठाईच्या दुकानाचे वारस होते. जर्मन भाषा येत असल्याने ते क्रामर यांचे दुभाषेही झाले.

तोक्यो ऑलिंपिक, १९६४

इटलीने माघार घेतल्याने जपानच्या गटात अर्जेंटिना व घाना हे दोनच संघ उरले. १४ ऑक्टोबर १९६४ रोजी कोमाझावा मैदानावर अर्जेंटिनाने दोनदा आघाडी घेतली. पहिल्या वेळी रयुइची सुगियामा यांनी बरोबरी साधली. दुसऱ्या वेळी, सामना संपण्यास नऊ मिनिटे उरली असता, साबुरो कावाबुची यांनी झेपावून डोक्याने गोल केला आणि लगेच पुढच्या मिनिटाला आरितात्सु ओगी यांनी विजयी गोल नोंदवला. जपानने हा सामना ३–२ असा जिंकला. घानाकडून त्याच गोलसंख्येने हार पत्करूनही जपानने उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे चेकोस्लोव्हाकियाने ०–४ अशी मात केली. युगोस्लाव्हियाविरुद्धच्या क्रमवारीच्या सामन्यात जपान १–६ असा हरला. त्या युगोस्लाव्ह संघात इव्हिका ओसिम हे तरुण खेळाडू होते, जे २००६ मध्ये जपानचे प्रशिक्षक झाले.

ऑलिंपिकनंतर मायदेशी परतताना क्रामर यांनी काही शिफारशी केल्या. राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू करणे, प्रशिक्षकांच्या शिक्षणाची व्यवस्था, नियमित आंतरराष्ट्रीय सामने आणि हिरवळीची मैदाने या त्यांतील प्रमुख होत. जपानमध्ये तोवर बाद पद्धतीच्या स्पर्धांचाच प्रघात होता. एक सामना हरला की वर्षभराची तयारी वाया जाई.

जपान सॉकर लीग

जून १९६५ मध्ये आठ संघांची जपान सॉकर लीग सुरू झाली. फुरुकावा इलेक्ट्रिक, मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज, हिताची, यानमार डिझेल, यावाता स्टील, तोयो कोग्यो, तोयोदा ऑटोमॅटिक लूम व नागोया सोगो बँक हे ते संघ होत. नावांवरूनच दिसते की विद्यापीठांचे युग संपून कंपन्यांचे युग सुरू झाले होते. सम्राट चषक प्रथमच एका कंपनीच्या संघाकडे गेला तो १९६० मध्ये, फुरुकावा इलेक्ट्रिककडे. खेळाडू कंपनीचे कर्मचारी असत व कामाचे तास सांभाळून सराव करत. निवृत्तीनंतरही नोकरी कायम राहत असल्याने सुशिक्षित तरुणांना ही व्यवस्था सोयीची होती. मात्र खेळ हाच उदरनिर्वाह नसल्याने तिने स्पर्धात्मकतेला मर्यादाही घातली.

पहिली चारही अजिंक्यपदे (१९६५–६८) हिरोशिमाच्या तोयो कोग्यो या मोटार कंपनीच्या संघाने जिंकली. हिच्या गाड्या ‘माझ्दा’ नावाने विकल्या जात. प्रशिक्षक युकिओ शिमोमुरा हे स्वतः अणुबाँबहल्ल्यातून वाचलेले होते. हिरोशिमात फुटबॉलची परंपरा जुनी आहे. पहिल्या महायुद्धात नजीकच्या निनोशिमा बेटावर ठेवलेल्या जर्मन युद्धकैद्यांनी १९१९ मध्ये तेथील विद्यार्थ्यांशी सामने खेळले होते.

१९६७ मध्ये यानमार डिझेलने ब्राझीलमधील जपानी वंशाचे नेल्सन योशिमुरा यांना संघात घेतले. चेंडूवरील त्यांचे प्रभुत्व जपानी प्रेक्षकांना नवलाचे वाटले. त्यानंतर ब्राझीलहून खेळाडू आणण्याची प्रथाच पडली.

मेक्सिको ऑलिंपिक, १९६८

पात्रता फेरी १९६७ च्या शरद ऋतूत तोक्योत झाली. पहिल्याच सामन्यात जपानने फिलिपाईन्सला १५–० असे हरवले. १९१७ च्या २–१५ या पराभवाला तेव्हा बरोबर पन्नास वर्षे झाली होती. दक्षिण कोरियाविरुद्धचा सामना ३–३ असा सुटला. अखेरच्या क्षणी कोरियाचा एक जोरदार फटका गोलच्या आडव्या दांड्यावर आदळला नसता तर मेक्सिकोची कथा घडलीच नसती. त्या सामन्यात सुगियामा यांचा खांदा निखळला. तरीही शेवटच्या सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध एकमेव गोल त्यांनीच केला आणि सरस गोलफरकावर जपान पात्र ठरला.

प्रत्यक्ष स्पर्धेत कुनिशिगे कामामोतो यांच्या तीन गोलांच्या बळावर जपानने नायजेरियाला ३–१ असे हरवले. कर्णधार शिगेओ याएगाशी याच सामन्यात जखमी झाले. ब्राझीलविरुद्ध मासाशी वातानाबे यांनी अखेरच्या मिनिटांत बरोबरी (१–१) साधली. स्पेनविरुद्धचा सामना ०–० राहिला. गटात पहिले आल्यास यजमान मेक्सिकोशी गाठ पडणार, म्हणून या सामन्यात गोल करू नये असा निरोप नागानुमा यांनी मैदानावर पाठवला होता. हा डाव खेळाच्या नैतिकतेच्या दृष्टीने चर्चेचा विषय झाला खरा. व्यवहारात तो यशस्वी ठरला. उपांत्यपूर्व फेरीत जपानने फ्रान्सला ३–१ असे नमवले, तर उपांत्य फेरीत हंगेरीकडून ०–५ अशी हार पत्करली.

२४ ऑक्टोबर १९६८ रोजी आझ्टेका क्रीडांगणावर कांस्यपदकासाठी जपानसमोर अखेर मेक्सिकोच उभा राहिला. पूर्वार्धात डाव्या बाजूने सुगियामा यांनी पुढे काढलेल्या चेंडूंवर कामामोतो यांनी दोन गोल केले. उत्तरार्धाच्या प्रारंभी मेक्सिकोला पेनल्टी मिळाली, ती गोलरक्षक केन्झो योकोयामा यांनी अडवली. यजमान प्रेक्षकांनी संतापून बसण्याच्या गाद्या मैदानावर फेकल्या व ते जपानच्या नावाने घोषणा देऊ लागले. सामना २–० असा संपला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये पदक मिळवणारा जपान हा पहिला आशियाई देश होय. सात गोलांसह कामामोतो स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले. निर्मळ खेळाबद्दल युनेस्कोनेही या संघाचा गौरव केला.

प्रमुख खेळाडू

कुनिशिगे कामामोतो (१९४४–२०२५) : क्योतो येथे जन्म. वासेदा विद्यापीठात असताना त्यांच्या संघाने १९६६ च्या हंगामाचा सम्राट चषक जिंकला. त्यानंतर तो चषक कोणत्याही विद्यापीठाला मिळालेला नाही. १९६८ च्या प्रारंभी त्यांनी पश्चिम जर्मनीतील सारब्रुकेन येथे युप डेरवाल यांच्याकडे प्रशिक्षण घेतले. जपानतर्फे ७६ सामन्यांत ७५ आणि लीगमध्ये यानमारतर्फे २५१ सामन्यांत २०२ गोल ही त्यांची कामगिरी आहे.

रयुइची सुगियामा (जन्म १९४१) : शिझुओका प्रांतातील शिमिझु येथील. डाव्या कडेने धावणारे वेगवान आघाडीपटू. मित्सुबिशी संघातर्फे खेळले. कामामोतो यांच्या गोलसंख्येत सुगियामांचा वाटा किती, हा जपानी फुटबॉलरसिकांचा आवडता वादविषय आहे. आझ्टेकावरील दोन गोल पाहिले तर तो वाटा मोठाच होता असे म्हणावे लागते.

शिगेओ याएगाशी (जन्म १९३३) : मेलबर्न, तोक्यो व मेक्सिको ही तिन्ही ऑलिंपिक खेळलेले मध्यरक्षक. पराभूत पिढी व विजयी पिढी यांना जोडणारा हा दुवा होता.

साबुरो कावाबुची (जन्म १९३६) : खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द मध्यम होती. पुढे १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘जे लीग’ या व्यावसायिक स्पर्धेचे ते पहिले अध्यक्ष झाले.

पुढील काळ

१९६९ मध्ये कामामोतो यांना यकृताच्या विषाणूजन्य आजाराने ग्रासले. त्यांच्याविना खेळलेला संघ १९७० च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत बाद झाला. मेक्सिकोच्या यशानंतर प्रेक्षक वाढले, परंतु ते टिकले नाहीत. त्यानंतर जपानला पुन्हा ऑलिंपिक फुटबॉलमध्ये स्थान मिळाले ते थेट १९९६ मध्ये. नागानुमा, ओकानो व कावाबुची हे तिघे १९९४ ते २००८ या काळात एकामागून एक जपानच्या संघटनेचे अध्यक्ष होते. जपानने विश्वचषकात प्रथम पदार्पण केले तेव्हा, १९९८ मध्ये, अध्यक्षपदी नागानुमा होते. ४४ वर्षांपूर्वी चिखलातला तो पहिला गोल त्यांचाच होता.

भारताशी संबंध

या कालखंडाच्या पूर्वार्धात भारताचा संघ जपानपेक्षा सरस होता. दिल्लीतील १९५१ च्या स्पर्धेत भारताने सुवर्ण मिळवले, तर जपानने कांस्य. मनिला येथे १९५४ मध्ये भारताने जपानला ३–२ असे हरवले. मेलबर्न येथे ज्या ऑस्ट्रेलियाने जपानला बाद केले, त्यालाच भारताने उपांत्यपूर्व फेरीत ४–२ असे नमवले. त्यात मूळचे गोव्याचे व मुंबईच्या मैदानांवर नावारूपास आलेले नेव्हिल डिसूझा यांचे तीन गोल होते. जकार्ता येथे १९६२ मध्ये भारताने जपानवर २–० असा विजय मिळवला व पुढे सुवर्णपदकही जिंकले. बँकॉक येथे १९६६ मध्ये मात्र जपानने भारतावर २–१ अशी मात करून कांस्यपदकापर्यंत मजल मारली.

१९६९ मध्ये फिफाने आशियाई प्रशिक्षकांसाठीचा पहिला अभ्यासक्रम जपानमधील चिबा येथे क्रामर यांच्या मार्गदर्शनाखाली घेतला. जकार्ताच्या सामन्यात जपानविरुद्ध गोल करणारे प्रदीपकुमार बॅनर्जी त्यात विद्यार्थी म्हणून सहभागी झाले होते. पुढे ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.